शशीभाऊंचं नाक

तळमजल्यावरच्या शशीभाऊ मयेकरांपासून आमच्या इमारतीत काही लपून राहत नसे. त्यांना ऐकू जेमतेम यायचं, आणि चष्मा बहुतेक वेळा कपाळावर असायचा. सगळं काम नाकाचं. मी कॉलेजमधून दमून यायचे, आणि जिन्याच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसलेले शशीभाऊ पेपरातून मान वर न काढता म्हणायचे, “बाई, वर आईने बांगड्याचं तिखलं केलान. त्रिफळं कमी पडलीत पण.”

मी दुसऱ्या मजल्यावर राहते. तिथवर जाऊन आईला हे सांगितलं की ती उसळायची. “त्याला म्हणावं, स्वतःच्या घरातलं हुंग.” पण पुढच्या वेळी कालवणाच्या मसाल्यात दोन त्रिफळं जास्त पडायची, हेही खरं.

आंब्याच्या दिवसांत तर लोक त्यांच्याकडे पेट्याच घेऊन येत. एकेका आंब्याच्या देठाशी नाक नेऊन ते फळं वेगळी करत. हा उद्या, हा परवा, हा कधीच नाही. शेजारच्या बिऱ्हाडातल्या माणसांना गॅसचा वास यायच्या आधी तो शशीभाऊंना रस्त्यावर आला होता, त्याला साक्षीदार आहेत. त्या दिवशी ते दुधाची पिशवी फाटकाशी टाकून धावत आले, दिव्याच्या बटणाकडे गेलेला शेजाऱ्याचा हात त्यांनी धरला आणि सगळ्या खिडक्या उघडायला लावल्या. सिलिंडरची रबरी नळी उंदराने कुरतडली होती. शेजारी पेढे घेऊन आले, तर यांनी पेढ्याचाही वास घेतला आणि खवा कालचा असल्याचं त्यांना तोंडावर सांगितलं.

त्यांच्या पडवीच्या गजाला जुन्या साडीची एक चिंधी बांधलेली असायची. तिथे कपडे वाळत घालायला त्यांच्या बायकोला, सुमनवहिनींना सक्त मनाई होती. ती चिंधी वारा बघण्यासाठी. लग्नाच्या हॉलमध्येही हे गृहस्थ आधी वारा कुठून येतोय ते बघत, दारं मोजत आणि वाऱ्याच्या बाजूच्या दाराशी खुर्ची धरत. वरमाईने पुढे बोलावलं तरी हलायचे नाहीत. लोकांना तो विक्षिप्तपणा वाटायचा. मलाही वाटायचा.

पण या सगळ्याहून त्यांची एक खोड इमारतीला जास्त माहीत होती. माझा फ्रिज बिघडला तेव्हा शशीभाऊंनी तो तासाभरात नीट केला आणि पुन्हा बिघडू नये म्हणून काय करायचं ते मला शिकवलं. खाली गेले. पाच मिनिटांत परत वर आले. “बाई, एक राहिलं.” मागची जाळी महिन्यातून एकदा झाडायची. गेले. पुन्हा आले. “एक राहिलं.” भिंतीपासून वीतभर पुढे ओढा. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला मी दात घासत असताना बेल वाजली. तोंडात फेस घेऊन दार उघडलं, तर हे. “दाराच्या रबराला साबण नको. कोमट पाण्याने पुसा. झालं आता. काय नाय राहिलं.”

कुणालाही काही शिकवलं की त्यांचं असंच व्हायचं. आईला मोबाइलवरून व्हिडिओ लावायला शिकवला तेव्हा ते जिना सहा वेळा चढले. सुमनवहिनी कपाळाला हात लावून म्हणायच्या, “पूर्वी नव्हते हो असे! मस्कतवरून येताना ही सवय घेऊन आले. लोक सोनं आणतात.”

प्रत्यक्षात मस्कत शहरात ते फार तर विमानतळापुरते गेले असतील. रत्नागिरीला सगळा ओमान म्हणजे मस्कत. शशीभाऊ तिकडे उत्तरेकडच्या एका बंदरावर मासळीसाठी बर्फ करणाऱ्या कारखान्यात होते. काम शिकले ते मात्र इथेच, मिरकरवाड्याच्या जेटीजवळच्या बर्फाच्या कारखान्यात. तिशीत ओमानला गेले आणि बावीस वर्षांनी, साठीला बरीच वर्षं असताना, एक दिवस कायमचे परत आले. का आले, हे कुणी विचारलं तर म्हणायचे, “तिकडची माणसं कामाला लागली. लागायलाच पायजेत.” वर एक चकार शब्द नाही.

परत आल्यावर रोज सकाळी ते जुन्या कारखान्यात जाऊन बसू लागले. तिथला ऑपरेटर गंगाराम त्यांचा तरुणपणीचा सोबती. हल्ली तिथे बर्फाच्या लाद्या ओढायला नेपाळची माणसं आहेत. शशीभाऊ चहा पिता पिता त्या माणसांना यंत्र समजावून देऊ लागले. कुठला व्हॉल्व कशाचा, बर्फ गोठवणाऱ्या अमोनिया गॅसची गळती झाली तर आधी काय बंद करायचं, बाहेर पळताना तोंड कुणीकडे. आठवडाभर गंगारामने सहन केलं. मग एके दिवशी त्याने पान्हा आपटला. मी तेव्हा तिथे बर्फ मागायला गेले होते, म्हणून ऐकलं.

“शशी, तू तुझी नोकरी घालवून आलास. आता माजी घालवतोस?”

शशीभाऊ चिडले नाहीत. उलट गंगारामच्या खांद्यावर हात ठेवून अगदी हळू म्हणाले, “आणि तू रजेवर गेलास तर? तेव्हा कोण रे बाबा?”

गंगारामने पान्हा उचलला आणि तो यंत्राकडे वळला. मला ते उत्तर साधं वाटलं होतं. त्यात काय आहे, हे समजायला मला आणखी कितीतरी वर्षं लागली.

मी अर्थशास्त्र शिकवते. खरं तर शिकवत होते, आता निवृत्त झाले. तिसऱ्या वर्षाच्या पोरांना विकासाच्या अर्थशास्त्रात एक प्रकरण होतं: अरब देशांतले जनतेचे उठाव आणि त्यानंतरच्या आर्थिक सुधारणा. ट्युनिशियापासून येमेन-ओमानपर्यंत लोक रस्त्यावर का आले, वाढ होत असूनही ती सगळ्यांपर्यंत का पोचली नाही, समावेशक वाढ म्हणजे काय. मी हे प्रकरण मन लावून शिकवायचे आणि पोरं मन लावून झोपायची. एकदा वाटलं, ज्याने हे जवळून पाहिलंय असा माणूस आपल्याच जिन्याखाली बसतो, त्यालाच वर्गात न्यावं. आधी वाचायला म्हणून मी शशीभाऊंना माझ्या नोट्स दिल्या.

चार दिवसांनी त्या परत आल्या. “स्थानिक तरुणांना रोजगाराच्या संधी उपलब्ध करून देण्यात आल्या” या वाक्यासमोर समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, “शिकवलं कोणी?” आणखी तीन ठिकाणी तेच. प्रामाणिकपणे सांगायचं तर मला राग आला. इतकी वर्षं त्या नोट्सवर कुणी प्रश्न विचारला नव्हता.

वर्गात ते इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आले. फळ्यापाशी उभे राहून त्यांनी आधी एक लांब श्वास घेतला आणि म्हणाले, “मागून दुसरा बाक. वडापाव हाय. आधी खाऊन घे, मग आयक.” वर्ग हसला आणि जागा झाला. पुढचा पाऊण तास कुणी झोपलं नाही.

“उठाव झाले त्या वर्षी आमच्या बंदराजवळच्या मोठ्या चौकात पोरं येऊन बसली,” शशीभाऊ सांगू लागले. “आम्ही बाहेरचे लोक खोलीत दारं लावून. घाबरलेलो. पण ती काय मागत होती? काम द्या. एवढंच. आपल्या रत्नांग्रीची पोरं मुंबईस जाऊन तेच मागतात ना? मला त्यांचा राग नाय आला. मग सरकारने हुकूम काढलान, की कंपन्यांनी इथल्या पोरांना घ्यायचंच. घेतली. आमच्या कारखान्यात पाच खुर्च्या आणल्या.”

“खुर्च्या?” मी विचारलं.

“खुर्च्याच, बाई. वातानुकूलित खोली, काच, आणि काचेच्या आड पाच खुर्च्या. सकाळी यायचं, सही करायची, बसायचं. पगार चालू. हुकूम पाळला गेला, आणि यंत्राला हात आमचाच. दोघं जण पुढे यायचेच बंद झाले, सही तेवढी यायची. दोघं मोबाइलवर. पाचवी मरियम.”

मरियम रेफ्रिजरेशनचा डिप्लोमा केलेली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, एका मुलीची आई. बाप मासेमारी करणारा. पहिल्या दिवशी ती स्वतःच्या हत्यारांची पेटी घेऊन आली आणि तिसऱ्या आठवड्यापर्यंत ती पेटी उघडायची वेळ आली नाही. मग एक दिवस काचेमागून उठून ती सरळ यंत्रघरात शशीभाऊंपुढे उभी राहिली. म्हणाली, “मला बसायचंच असतं, तर माझ्या घरची खुर्ची याहून चांगली आहे.”

“मग मी शिकवायला लागलो,” शशीभाऊ म्हणाले. “हुशार पोरगी. नाकाने मला मागे टाकील अशी. अमोनिया कुठे फुसफुसतोय ते दारातूनच सांगायची. मी तिला सांगितलेलं, कागदं जळू देत, मीटर बिघडू देत, तू नाकावर इश्वास ठेव. सगळं शिकवलं तिला. एक सोडून.”

इथे ते थांबले. खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि पुन्हा कपाळावरच ठेवला.

“आम्हां बाहेरच्या माणसांत एक रीत होती. जो आपली जागा घ्यायला येतो त्याला सगळं शिकवायचं, पण एक हातात ठेवायचं. मला ज्याने शिकवलान, त्या केरळच्या म्हाताऱ्यानेपण ठेवलेलं. कुणी लिहून नाय ठेवली ही रीत, पण सगळे पाळायचे. ते एक जोवर तुमच्या हातात, तोवर तुमचा व्हिसा. मी तेल काढायचं हातात ठेवलं.”

मग त्यांनी फळ्यावर खडूने एक टाकी काढून ते तेल काय असतं ते समजावलं. यंत्राला घातलेलं तेल अमोनियाबरोबर फिरत जाऊन तळाशी साचतं. ते दर आठवड्याला एका छोट्या व्हॉल्वमधून काढावं लागतं. कधी कधी तेल घट्ट होऊन अडकतं आणि काहीच बाहेर येत नाही. न जाणणारा माणूस व्हॉल्व आणखी उघडतो. मग अडकलेलं निघतं आणि मागचा गॅस सगळा तोंडावर येतो. म्हणून वारा पाठीशी घेऊन, तोंड बाजूला करून उभं राहायचं आणि व्हॉल्व पाव फेऱ्याहून जास्त उघडायचा नाही.

“हे सांगायला आता किती वेळ लागला? दोन मिनिटं. पण मी शुक्रवारी काढायचो. तिला सुट्टी असायची तेव्हा. माझी मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला. मला आणखी दोन वर्षं हवी होती. बस.”

गणपतीला ते तीन आठवड्यांच्या रजेवर रत्नागिरीला आले. इथे आल्यावर जायला नको वाटलं, म्हणून रजा आणखी आठ दिवस वाढवली. तिकडे तेल साचलं आणि यंत्र ठोके द्यायला लागलं. एका शुक्रवारी सुट्टी असूनही मरियम आली होती, तेव्हा तिने काचेतून त्यांना लांबून पाहिलं होतं. कुठला व्हॉल्व ते तिला ठाऊक होतं. उभं कसं राहायचं ते नव्हतं.

“गॅस सरळ तोंडावर. तशातही तिने तो व्हॉल्व बंद केलान आणि मग पडली. आत लाद्यांवर चौदा माणसं होती. आपलीच, इकडचीच. एकालाही काय झालं नाय. ती पंधरा दिवस इस्पितळात. मी परत गेलो तर दारात उभी. म्हणाली, मी ठीक आहे, आता मला ते शिकवा. तीन महिन्यांत सगळं दिलं. मग तिने माझ्या जागी सही केलीन आणि मी घरी आलो. बाई, तुमच्या नोट्समधला तो समावेशक म्हंजे एवढाच हाय बघा. खुर्ची देता येते हुकमाने. हातातलं आपणच द्यावं लागतं.”

पहिल्या बाकावरची एक मुलगी उठली आणि तिने सरळ विचारलं, “काका, तुम्ही मुद्दाम नव्हतं शिकवलंत, हे तिला सांगितलंत का?”

शशीभाऊंनी हातातला खडू खाली ठेवला. “नाय,” ते म्हणाले. तेवढ्यात तास संपला.

मी वर्गाच्या दारात उभी राहिले. ते जिना उतरले, रिक्षात बसले आणि गेले. मला वाटलं होतं ते परत येतील. त्या दिवशी नाही आले.

त्यानंतर आठवडाभर जिन्याच्या तोंडाशी खुर्ची नव्हती. आईच्या आमटीत मीठ जास्त झालं तरी खालून काही शेरा नाही. आईच मला म्हणाली, “बघ जाऊन, बरा आहे ना तो?” मी जायच्या आत सुमनवहिनीच वर आल्या. “बाई, ह्यांना कॉलेजात नेऊन केलंत काय? जेवत नायत धड.” मला अपराधी वाटलं. शिकवण्याच्या हौसेपायी मी एका माणसाची झाकलेली जखम चाळीस पोरांसमोर उघडी केली होती.

संध्याकाळी मी गेले. शशीभाऊ पलंगावर फोन हातात घेऊन बसले होते. मरियमचा आणि त्यांचा संपर्क तुटला नव्हता. ईदला आणि गणपतीला दोघं एकमेकांना शुभेच्छा पाठवायचे. ते म्हणाले, “बाई, बसा इथे. तुमच्यासमोर बोलतो. नायतर मी पुन्हा पळेन.” मग त्यांनी फोन तोंडाशी धरला आणि त्यांच्या त्या तिकडच्या हिंदीत, मध्ये मध्ये अरबी शब्द घालत, सगळं सांगितलं. विसरलो नव्हतो. मुद्दाम ठेवलं होतं. तू माझी जागा घेशील म्हणून ठेवलं होतं. माफ कर असं म्हणायचं होतं, पण तिथेच थांबले. निरोप तसाच पाठवला. बोलायला मिनिटभरही लागलं नव्हतं.

उत्तर अकरा दिवस आलं नाही. ते अकरा दिवस शशीभाऊंनी कसे काढले ते मी पाहिलंय. फोन शर्टाच्या खिशात, दर थोड्या वेळाने बाहेर काढून पुसायचा. तिने निरोप ऐकलाय, हे फोनवर दिसत होतं. “आयकलान ना? मग गप्प का?” हे मला विचारून काय उपयोग. वहिनी मात्र ठामपणे म्हणाल्या, “गप्पच बसणार. मी असते तर शिव्या दिल्या असत्या.”

बाराव्या दिवशी सकाळी बेल वाजली. दारात शशीभाऊ, दोन जिने चढून धापा टाकत. काही न बोलता त्यांनी फोन माझ्या टेबलावर ठेवला आणि लावला. बाईचा शांत आवाज, मागे यंत्राची घरघर.

ती म्हणत होती, मला माहीत होतं, उस्ताद. पहिल्याच महिन्यात तुमच्या केरळच्या माणसांनी मला सांगितलं होतं, की शशी तेल कुणाला देत नाही. मी वाट पाहत होते, तुम्ही आपणहून कधी द्याल. इस्पितळात मी तुम्हाला खूप शिव्या दिल्या. नंतरही बरीच वर्षं दिल्या. आता तुम्ही तुमचं सांगितलंत, म्हणून मी माझं सांगते. त्या दिवसापासून मला वास येत नाही. कसलाच नाही. कॉफीचा नाही, धुपाचा नाही. माझी धाकटी त्यानंतर झाली, तिच्या डोक्याचा वास कसा आहे ते मला माहीत नाही. डॉक्टरला सांगितलं, बरी आहे. कंपनीला सांगितलं, बरी आहे. तुम्हालाही तेच सांगितलं. खरं बोलले असते तर त्यांनी मला परत काचेमागे खुर्चीवर बसवलं असतं. दहा वर्षं मी हा कारखाना असाच चालवतेय.

मग ती चक्क हसली. म्हणाली, आता सांगा उस्ताद. ज्याला नाक नाही, त्याला शिकवायचं काय राहिलं?

फोन बंद झाला. शशीभाऊ माझ्या खुर्चीत बसले आणि आपल्या नाकावर सगळा तळहात दाबून धरला. मग म्हणाले, “दहा वर्षं, बाई. गॅसमध्ये उभी हाय ती, नाकाशिवाय. आणि मी तिला सांगून आलो, नाकावर इश्वास ठेव.” आणि तो माणूस माझ्या आईसमोर ढसाढसा रडला. आई इतक्या वर्षांच्या शत्रुत्वाला जागून आधी घुश्शात उभी राहिली, मग तिने त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला.

दुसऱ्या दिवसापासून आमच्या इमारतीने शशीभाऊंचं नवीनच रूप पाहिलं. कपडे वाळत घालायचा निळा प्लॅस्टिकचा चिमटा त्यांनी नाकाला लावला आणि फिरायला लागले. घरात, जिन्यात, वाण्याकडे. पोरं हसायची. वहिनींनी आधी भांडण केलं, मग दुसरे चिमटे लपवले, मग नाद सोडला. सकाळी कारखान्यात गेलं की यंत्रघरात चिमटा लावून ते डोळे मिटून उभे राहायचे. नाक नसलेल्या माणसाला गळती कशी कळेल, ते शोधायला. गंगाराम आता ओरडत नव्हता. शशीभाऊंनी त्याला सगळं सांगितलं होतं, आणि त्यानंतर त्यानेच आपल्या नेपाळी माणसाला तेल काढायला शिकवलं होतं.

जे सापडेल ते शशीभाऊ रोज मरियमला कळवायचे. सांध्याला कान लावला तर बारीक शीळ येते. पाइपावरचं हिव, म्हणजे बर्फाचा पातळ थर, गळतीच्या जागी वेगळं धरतं. गंधकाची वात पेटवून सांध्याजवळून फिरवली, की गळतो तिथे पांढरा धूर धरतो. ही वात रोज सकाळी फिरवायची, नुसती शंका आल्यावर नव्हे. कारखान्यातली मांजरं माणसांच्या आधी बाहेर पडतात, तेव्हा त्यांच्यावर लक्ष ठेवायचं. उलट तिचं उत्तर यायचं, हे मला माहीत आहे, किंवा हे नवीन. निम्म्याहून जास्त तिचं तिने आधीच शोधून काढलं होतं. एकदा तर शशीभाऊ धावत वर आले, चेहरा लहान मुलासारखा फुललेला. “बाई, आज तिने मला शिकवलान! ओलं फडकं गालाला लावून उभं राहायचं. गॅस असला की ओल्या जागी आधी चुरचुरतं. चाळीस वर्षांत मला सुचलं नाय.”

तिच्या हाताखाली आता सहा जणी होत्या. काचेमागची खोली तिने सामान ठेवायला काढली होती. आपल्याला वास येत नाही, हे तिने या सहा जणींना सांगून टाकलं होतं, आणि मग कंपनीलाही. शशीभाऊंना त्याची धास्ती होती. पण तिला कुणी खुर्चीवर बसवलं नाही. बसवून कारखाना चालवायचा कुणी?

शशीभाऊ गेले त्याला आता वर्ष होईल. दुपारी जेवून आडवे झाले ते उठलेच नाहीत. मरियमला मीच कळवलं. तिचा लगेच फोन आला, तो मी वहिनींच्या हातात दिला. एकीला मराठीशिवाय काही येत नव्हतं, दुसरीला मराठी येत नव्हती. दोघी पाच मिनिटं बोलत होत्या.

मला त्यांचं शेवटचं दर्शन झालं ते त्याच्या आदल्या रविवारी. जेटीवर मासळी घेऊन मी रिक्षात बसले होते. शेजारीच कारखान्याचं दार उघडं होतं. आत शशीभाऊ नाकाला निळा चिमटा लावून, पाइपावर तळहात ठेवून, डोळे मिटून उभे होते. शेजारी नेपाळी माणूस वात धरून. मी हाक मारली. त्यांनी डोळे न उघडता एक बोट वर केलं, थांबा. मी थोडी थांबले, मग रिक्षावाला कुरकुरायला लागला, म्हणून निघाले.

वीस पावलं गेलो असू, तर मागून हाक आली. शशीभाऊ धावत येत होते. मी मनात म्हटलं, आता एक राहिलं असणार. ते रिक्षाला धरून उभे राहिले, धाप टाकत. चिमटा नाकावर तसाच होता. माझ्या मांडीवरच्या पिशवीकडे त्यांनी बोट केलं.

“बाई, यात काय हाय?”

इतक्या वर्षांत त्यांनी मला हे कधी विचारलं नव्हतं. नेहमी तेच सांगायचे. मी म्हटलं, “बांगडे आहेत, शशीभाऊ. ताजे आहेत.”

त्यांनी पिशवीवर वाकून चिमट्यासकट हुंगून पाहिलं. मग मान हलवली.

“तिचं असं असतं होय,” ते म्हणाले, आणि चिमटा न काढताच परत आत गेले.